टुऑलमी मेडोज कॅम्पग्राउंड: ८,६०० फुटांवर मुक्काम करायचा तर

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी नॅशनल पार्कला जायचं म्हटलं की आपल्याकडच्या बहुतेक गाड्या सरळ व्हॅलीत उतरतात. व्हॅली ४,००० फुटांवर आहे. टायोगा रोडने वर चढत गेलं की ८,६०० फुटांवर टुऑलमी मेडोज लागतं. लांबलचक कुरण, त्यातून वळणं घेत जाणारी टुऑलमी नदी, चहूकडे ग्रॅनाइटचे गुळगुळीत घुमट आणि कुरणाच्या कडेने लॉजपोल पाइनचं जंगल. कॅम्पग्राउंड याच जंगलात आहे. योसेमिटीतलं हे सर्वांत मोठं कॅम्पग्राउंड. २०२२ पासून सलग तीन उन्हाळे दुरुस्तीसाठी बंद होतं, ते २०२५ मध्ये पुन्हा उघडलं. नदीच्या अगदी काठावर असलेल्या साइट्स मागे हलवल्या आहेत. टेबलं आणि शेकोटीची कडी नवीन आहेत.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. कॅलिफोर्नियात तंबू ठोकून राहण्यासाठी एवढी सुंदर आणि तरीही गाडीने थेट पोचता येईल अशी जागा क्वचित मिळते. पण तिथे जाऊन आलेल्यांच्या तक्रारीही ऐकू येतात: डाळ शिजलीच नाही, रात्रभर कुडकुडत काढली, मुलाचं डोकं दुखत राहिलं, सकाळी शेगडी धड पेटेना. या सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, उंची. कळसूबाईच्या माथ्याहून ३,२०० फूट वर तुम्ही झोपणार आहात, स्वयंपाक करणार आहात. हे धरून तयारी केली तर इथले तीन दिवस फार सुखाचे जातात. व्हॅलीतल्या कॅम्पिंगचंच सामान आणि तीच सवय घेऊन गेलात, तर पहिल्याच रात्री गाडी खाली वळवावीशी वाटेल.

आधी बुकिंग. साइटचं भाडं रात्रीला ३६ डॉलर. पार्कच्या प्रवेशाचे गाडीमागे ३५ डॉलर वेगळे, ते सात दिवस चालतात. प्रवेशद्वारावर रोख घेत नाहीत, कार्ड लागतं. भारतातून आई-बाबा आले असतील तर हेही लक्षात ठेवा: १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांना योसेमिटीसह काही मोजक्या पार्कांत माणशी १०० डॉलर जादा आकार लागू झाला आहे. पासचे नियमही बदलले आहेत, तेव्हा निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर ताजी माहिती पाहून घ्या.

बुकिंग रिक्रिएशन डॉट जीओव्हीवर होतं आणि खिडकी पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ७ वाजता उघडते. कोणत्या तारखेला किती दिवसांच्या साइट्स सुटणार ते हंगामाच्या आधी जाहीर होतं. सुट्टीच्या आठवड्यातल्या साइट्स काही मिनिटांत संपतात, म्हणून खातं आधीच उघडून, कार्ड भरून, दोन-तीन साइट नंबर हेरून बसा. हुकलं तर रोज सकाळ-संध्याकाळ पाहत राहा. रद्द करायला १० डॉलर लागत असले तरी लोक शेवटच्या आठवड्यात बरीच बुकिंग सोडतात.

एका साइटवर जास्तीत जास्त ६ माणसं आणि २ गाड्या. या सहांत तान्हं बाळही मोजतात. तीन कुटुंबांनी मिळून जायचं तर शेजारशेजारच्या दोन-तीन साइट्स घ्या, किंवा १३ ते ३० माणसांसाठी असलेली ग्रुप साइट बघा. एका साइटवर चार तंबू दाटीवाटीने लावायचा बेत असेल तर तो सोडून द्या. रेंजर येऊन बघतात.

केव्हा जायचं, हे तर बर्फच ठरवतं. टायोगा रोड हिवाळाभर बंद असतो. उघडायची तारीख दरवर्षी बदलते. २०२३ मध्ये इतका बर्फ पडला होता की रस्ता २२ जुलैला उघडला. आणि रस्ता उघडला म्हणजे कॅम्पग्राउंडही उघडलं असं समजू नका, ते सहसा काही आठवडे मागाहून उघडतं. सप्टेंबरच्या अखेरीस पुन्हा बंद होतं. म्हणजे हातात धड तीन महिनेही नसतात.

त्यातला जुलै हा डासांचा. बर्फ वितळून कुरणात पाणी साचलेलं असतं आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात डासांचे ढगच्या ढग उठतात. २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन ही डास पळवणारी रसायनं असलेला स्प्रे लागतो. ओडोमॉसमध्ये डीट नसतं, एन,एन-डायइथाइल बेंझामाइड हे दुसरं रसायन असतं, तेही १२ टक्केच. त्यामुळे इथे ते वारंवार लावावं लागतं. अंगात सैल, लांब बाह्यांचा सुती नसलेला शर्ट हवा, कारण घट्ट कपड्यांतून डास आरामात चावतात. ऑगस्टच्या मध्यापासून डास जवळजवळ संपतात, नदीचं पाणी उतरतं, मुलांना काठावर खेळता येतं. आमच्या मते १५ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर हा सर्वांत चांगला महिना. याच महिन्यात एक धोका असतो, वणव्यांचा धूर. निघायच्या आदल्या दिवशी हवेची गुणवत्ता पाहायलाच हवी. कोरड्या दिवसांत शेकोटीवर बंदीही येऊ शकते, म्हणून जेवणाचा बेत निखाऱ्यांवर अवलंबून ठेवू नका.

बे एरियाहून गाडीने साधारण साडेचार-पाच तास, थांबे वेगळे. वाटेत लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे पेट्रोल. क्रेन फ्लॅटला पंप आहे. तिथून टुऑलमी मेडोज ३९ मैल, आणि त्या ३९ मैलांत एकही पंप नाही. पुढचा पंप थेट टायोगा पास ही खिंड ओलांडून खाली ली व्हायनिंग गावाला, म्हणजे आणखी २० मैलांवर. क्रेन फ्लॅटला टाकी अर्धी असली तरी भरून घ्या. लॉस एंजेलिसकडून येणारे ३९५ हायवेने ली व्हायनिंगमार्गे येतात, त्यांनी तिथे भरावं. मोबाइलची रेंज भरवशाची नाही. नकाशा, बुकिंगची पावती आणि हवामान आधीच उतरवून ठेवा.

आता उंचीचं. समुद्रसपाटीवर असतो त्याच्या साधारण ७३ टक्केच हवेचा दाब इथे असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायू तेवढाच कमी जातो. सकाळी सॅन होजेत चहा घेऊन दुपारी इथे पोचलेल्या शरीराला याची सवय व्हायला वेळच मिळालेला नसतो. डोकं जड होणं, भूक न लागणं, मळमळ, रात्री सारखी जाग येणं ही ठरलेली लक्षणं. यातला बराचसा त्रास पहिल्या रात्री होतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतरतो. पहिल्या दिवशी तंबू ठोकण्याखेरीज काही करू नका. पाणी थोडं थोडं पण सतत प्या, दारू टाळा, जेवण हलकं ठेवा. डोकेदुखी गोळी घेऊनही थांबत नसेल, उलट्या होत असतील, चालताना झोक जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरायचं. उतरणं हाच त्यावरचा उपाय. पूर्वेकडे गेलात तर सर्वांत जवळचं मोठं रुग्णालय मॅमथ लेक्सला आहे. पण तिकडे जाताना आधी ९,९४३ फुटांचा टायोगा पास चढावा लागतो, हे लक्षात घेऊन दिशा ठरवा.

हृदयाचा किंवा फुप्फुसाचा विकार असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे मुक्काम करू नये. तब्येत ठणठणीत असलेल्यांनीही शक्य असेल तर एक रात्र मध्ये काढावी. हॉजडन मेडो ४,९०० फुटांवर आहे, क्रेन फ्लॅट ६,२०० फुटांवर. दोन्ही कॅम्पग्राउंडं वाटेवरच. एक रात्र क्रेन फ्लॅटला आणि दोन टुऑलमीला, हा बेत लहान मुलं आणि आजी-आजोबांसाठी आम्ही नेहमी सुचवतो.

साइट निवडताना नदीकडच्या लूपचा मोह होतो. पाण्याचा आवाज, समोर कुरण, सगळं खरं. पण रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि कुरणाच्या पातळीला साचते. त्यामुळे नदीजवळच्या साइट्स झाडीत थोड्या वर असलेल्या साइट्सपेक्षा जास्त गारठतात. तिथे तंबूवर दव जास्त पडतं आणि डासही जास्त असतात. लहान मुलं असतील तर दक्षिणेकडची, चढावरची, झाडीतली साइट घ्या. सकाळचं ऊन कोणत्या बाजूने येणार ते आल्या आल्या बघून तंबूचं दार पूर्वेला करा. सकाळी ७ वाजता अंगावर ऊन येणं आणि ९ वाजता येणं यात फार फरक आहे. स्वच्छतागृहाच्या अगदी समोरची साइट सोयीची वाटते, पण रात्रभर दाराचे आवाज आणि हेडलॅम्पचे झोत येत राहतात. मध्ये दोन-तीन साइट्सचं अंतर बरं.

तंबू लावायच्या आधी वर बघा. सुकलेलं झाड किंवा लटकलेली फांदी डोक्यावर नको. मग खाली बघा. खारींची बिळं असतील तर त्यांच्यापासून दूर सरका. हे उगाच सांगत नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इथल्या मेलेल्या खारींमध्ये प्लेगचे जंतू सापडले होते आणि पिसवा मारण्यासाठी हे कॅम्पग्राउंड काही दिवस बंद ठेवावं लागलं होतं. म्हणून खारींना शेंगदाणे टाकण्याचा मुलांचा हट्ट अजिबात पुरवायचा नाही.

जमीन वरवर भुसभुशीत, आणि बोटभर खाली ग्रॅनाइट. तंबूबरोबर येणाऱ्या पातळ ॲल्युमिनियमच्या खुंट्या दोन ठोक्यांत वाकतात. आठ इंची लोखंडी खुंट्या आणि एक रबरी हातोडा न्या. जिथे खुंटी जातच नाही तिथे दोरी एका दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा मोठा दगड ठेवा, निघताना ते दगड होते तिथे परत ठेवा. दुपारी वादळी पाऊस येतो तो अर्ध्या तासात येतो, म्हणून तंबूवरचं पावसाचं आवरण पहिल्याच दिवशी पूर्ण ताणून बांधा. खालची ताडपत्री तंबूच्या बुडापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच आत दुमडलेली हवी. बाहेर डोकावत असेल तर पावसाचं पाणी तिच्यावरून घरंगळत थेट तंबूखाली येतं.

रात्रीची थंडी हा इथला सर्वांत मोठा धडा. उन्हाळ्यात दुपारी २१ ते २४ अंश सेल्सियस, अगदी टी-शर्टमध्ये बसण्यासारखं, आणि पहाटे २ ते ५ अंश. जुलै-ऑगस्टमध्येही एखाद्या पहाटे पाणी गोठतं. स्लीपिंग बॅगवर लिहिलेला आकडा बऱ्याचदा कसंबसं निभावेल अशा तापमानाचा असतो, सुखाने झोप लागेल अशा तापमानाचा नसतो. आतल्या पट्टीवर ‘कम्फर्ट’ असा वेगळा आकडा असतो, तो शून्य अंश सेल्सियस किंवा त्याखाली असेल अशीच बॅग घ्या.

पण बॅगपेक्षाही जास्त चूक होते ती खाली घ्यायच्या अंथरुणात. घरी पाहुण्यांसाठी असते ती क्वीन साइजची हवा भरायची गादी बहुतेक जण आणतात. तिच्यात आठ इंच मोकळी हवा असते. ती हवा जमिनीने गार होते आणि आतल्या आत फिरत राहते, त्यामुळे पाठीची ऊब ती रात्रभर ओढून घेते. वरून दोन रजया घेतल्या तरी पाठ गारच राहते. वर थंडीने हवा आकसते, म्हणून पहाटे गादी निम्मी बसलेली असते. यापेक्षा आर-व्हॅल्यू (ऊब अडवण्याची क्षमता) ४ किंवा अधिक असलेली कॅम्पिंगची मॅट घ्या. हवेची गादीच न्यायची असेल तर गादीच्या वर, अंगाखाली, फोमची घडीची मॅट आणि त्यावर जाड सोलापुरी चादर किंवा लोकरी घोंगडी पसरा. ऊब अडवणारा थर अंगाला लागून हवा, गादीखाली नको.

झोपताना दिवसाचे कपडे बदलाच. घामाने ते किंचित दमट असतात आणि रात्री तेच गारठवतात. कोरडे मोजे, कानटोपी, मफलर. जाड प्लॅस्टिकच्या किंवा स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी ठेवा, पहाटेपर्यंत ऊब पुरते. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या खिडक्या गच्च बंद करू नका. चार माणसांच्या श्वासाची वाफ आतल्या कापडावर जमते आणि पहाटे थेंब थेंब अंगावर पडते. वरची झडप दोन-तीन इंच उघडी हवी.

स्वयंपाकाकडे वळू. इथे पाणी १०० अंशांना उकळत नाही, साधारण ९१ अंशांनाच उकळायला लागतं. खळखळ उकळी दिसते, पण पाणी त्याहून गरम होतच नाही. म्हणून उघड्या पातेल्यात तुरीची डाळ दीड तास ठेवली तरी दाताखाली लागते, आणि राजमा-छोल्यांचा तर विचारच नको. प्रेशर कुकर हाच उपाय, आणि इथे आपली मंडळी शेजारच्या साइट्सच्या पुढे असतात. कुकरमध्ये शिट्टीच्या वजनामुळे बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक दाब जास्त तयार होतो. पण बाहेरचाच दाब कमी असल्याने आतलं तापमान खाली १२१ अंशांपर्यंत जातं ते इथे ११६ च्या आसपास थांबतं. हिशेब सोपा: घरी तीन शिट्ट्या लागत असतील तिथे पाच करा आणि आच बंद केल्यावर दाब आपोआप उतरू द्या.

चार जणांच्या खिचडीसाठी तीन लिटरचा कुकर पुरतो. एक वाटी तांदूळ, पाऊण वाटी मुगाची डाळ, दोन्ही अर्धा तास भिजवलेलं, साडेचार वाट्या पाणी, हळद, हिंग, मीठ, चमचाभर तूप. डाळ फेसाळते म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही. तुरीऐवजी मूग किंवा मसूर नेणं केव्हाही शहाणपणाचं. उघड्या भांड्यात भात लावायचा असेल तर वेळ पाव पटीने वाढतो आणि पाणी लवकर उडतं, वाटीमागे पाव वाटी पाणी जास्त घाला. चहा आपण उकळूनच करतो म्हणून फार बिघडत नाही, आधणाच्या पाण्यात पत्ती टाकून दोन मिनिटं जास्त उकळा. पोहे, उपमा, पिठलं, भाजणीचं थालीपीठ यांना उंचीचा काहीच त्रास नाही. पहिल्या रात्रीसाठी मात्र घरूनच दशम्या किंवा धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या. त्या संध्याकाळी कुणाच्याच अंगात स्वयंपाकाचं त्राण नसतं.

शेगडीबाबत. गॅसची आडवी नळी लावायची एका बर्नरची ब्युटेनची शेगडी आपल्याकडे घरोघरी असते. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायला कुरकुर करतं. रात्रभर बाहेर राहिलेली नळी पहाटे गार असते, आत द्रव असूनही दाब नसतो आणि ज्योत मंद जळते. शिवाय गॅस बाहेर पडताना नळी आणखी गार होते, त्यामुळे दहा मिनिटांत ज्योत अजून बारीक होते. नळी संपली असं वाटून लोक ती फेकून देतात, खरं तर ती निम्मी भरलेली असते. तात्पुरता इलाज म्हणजे नळी जॅकेटच्या आत धरून अंगाच्या उबेने गरम करणं. गरम पाण्यात बुडवू नका, आचेजवळ नेऊ नका. वारा अडवायला शेगडीभोवती पत्रा किंवा फॉइल गुंडाळणं हा तर जिवावरचा खेळ आहे, नळी तापून फुटू शकते. खरा उपाय म्हणजे दोन बर्नरची प्रोपेनची शेगडी. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होतं, इथल्या थंडीचा त्याच्यावर परिणाम नाही. ४६५ ग्रॅमचा एक सिलिंडर एका बर्नरवर पूर्ण आचेने सुमारे दोन तास चालतो. चार जणांना दोन रात्रींसाठी दोन सिलिंडर पुरतात, तिसरा जवळ ठेवा. पाऊस आला तरी शेगडी तंबूच्या आत किंवा दारातल्या आडोशात पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

अस्वलांचे नियम इथे कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. प्रत्येक साइटवर लोखंडी कपाट असतं, सगळे त्याला बेअर लॉकर म्हणतात. आत ३३ इंच खोल, ४५ इंच रुंद आणि उंची जेमतेम १८ इंच. घरून निघताना कूलर मोजा. १८ इंचांहून उंच कूलर आत जात नाही, आणि हे तिथे पोचल्यावर कळून उपयोग नसतो. अंधार पडल्यावर गाडीत खायचं काहीही ठेवायचं नाही, डिकीतसुद्धा. दंड ५,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. त्याहून वाईट म्हणजे, माणसांच्या अन्नाला चटावलेलं अस्वल पुढे मारावं लागण्याची वेळ येते.

‘खायचं’ या शब्दात वास येणारं सगळं आलं: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओडोमॉस, खोबरेल तेल, उदबत्तीचा पुडा, लिपबाम, बाळाचे ओले वाइप्स, गोड औषधांच्या बाटल्या, रिकामे पण धुतलेले नसलेले डबे. हिंगाची डबी तर दोन पिशव्यांत गुंडाळूनच. गाडीतली मुलांची सीट काढून तिच्या फटींतले बिस्किटांचे तुकडे झटकून घ्या, हे काम नेहमी विसरतं. लॉकर भरताना कूलर आणि कुकर खाली, कोरडा शिधा त्यावर, आणि रात्रीचे टूथब्रश-साबण एका पिशवीत सर्वांत पुढे, म्हणजे झोपायच्या वेळी अंधारात सगळं उपसावं लागत नाही. दार लावल्यावर खटका पूर्ण बसल्याचा आवाज ऐका आणि दार एकदा ओढून पाहा. दिवसासुद्धा साइटवर कुणी नसेल तर लॉकर बंदच हवा.

स्वच्छतागृहात फ्लश आहे, नळाला पिण्याचं पाणी आहे, पण गरम पाणी नाही आणि शॉवर तर नाहीच. पहाटे त्या पाण्याने हात धुताना बोटं बधिर होतात. भांडी नळाखाली किंवा बेसिनमध्ये घासायची नाहीत. दोन टब न्या, एकात साबण, एकात स्वच्छ पाणी. आधी भांडी कागदाने पुसून घ्या, खरकटं गाळून कचऱ्यात टाका आणि उरलेलं पाणी ठरवून दिलेल्या जागीच ओता. साइटच्या कडेला ओतलेलं आमटीचं पाणी रात्री अस्वलाला थेट तुमच्या तंबूशी आणतं. शांततेची वेळ रात्री १० ते सकाळी ६. ती नीट पाळली जाते, आणि या जागेची रात्र इतकी निःशब्द असते ती त्यामुळेच. चांदणं नसलेल्या रात्री रस्ता ओलांडून कुरणाच्या कडेला दिवे मालवून वीस मिनिटं उभं राहा. डोळे सरावले की आकाशगंगेचा पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत दिसतो.

सरपण घरून आणू नका, त्यातून झाडांची कीड इथल्या जंगलात येते. वाटेत जवळच्या गावातून घ्या. ९,६०० फुटांच्या वर लाकूड गोळा करायला आणि जाळायला बंदी आहे. कॅम्पग्राउंड त्या खाली आहे, तरी इथेही उभ्या झाडाची फांदी तोडायची नाही.

दिवसा काय करायचं ते उंचीच्या हिशेबाने ठरवा. पहिल्या दिवशी संध्याकाळी सोडा स्प्रिंग्सपर्यंत सपाट चालणं पुरे. तिथे जमिनीतून बुडबुड्यांसकट खनिज पाणी वर येतं, आजूबाजूची माती त्याने तांबूस झाली आहे. ते पिऊ नका. शेजारी १९१५ मध्ये सिएरा क्लब या निसर्गरक्षण संस्थेने बांधलेलं पार्सन्स लॉज आहे, दगडी भिंती बघण्यासारख्या. १८८९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आणि संपादक रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन यांनी इथेच तळ ठोकला होता. मेंढ्यांनी कुरतडलेली कुरणं पाहून त्यांनी योसेमिटीच्या राष्ट्रीय उद्यानासाठी मोहीम धरली आणि पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, कायदा झाला. त्या कुरणात आज पायवाट सोडून चालायचं नाही हा नियम कडक वाटतो, पण इथलं गवत वर्षातले जेमतेम तीन महिने वाढतं. एकदा तुडवलेली वाट भरून यायला अनेक वर्षं लागतात.

दुसऱ्या दिवशी एलिझाबेथ लेक. वाट कॅम्पग्राउंडमधूनच निघते, गाडी काढावी लागत नाही, हा या जागेचा मोठा गुण. जाऊन-येऊन ४.८ मैल, सुमारे १,००० फूट चढ. पहिला मैल झाडीतून खडा चढ आहे, त्यानंतर वाट सपाट होते आणि युनिकॉर्न शिखराखाली तळं दिसतं. मुलांसह चार तास धरा. तिसऱ्या दिवशी लेम्बर्ट डोम किंवा कॅथीड्रल लेक्स. दुपारी एकच्या आत उघड्या खडकावरून खाली उतरलेलं असावं. सकाळी निरभ्र असलेलं आकाश बाराच्या सुमारास भरून येतं आणि लेम्बर्ट डोमच्या ९,४५० फुटांवरच्या बोडक्या माथ्यावर विजेपासून लपायला काहीही नाही. उन्हाचाही मार जास्त असतो. ढगाळ असलं तरी टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन सोडू नका. कुत्रा आणणाऱ्यांसाठी: कॅम्पग्राउंडमध्ये तो चालतो, पायवाटांवर नाही. म्हणजे कुणीतरी एक जण साइटवरच राहणार.

एका गोष्टीत व्हॅली सरस आहे: दुकानं, खाणावळी, शॉवर, दवाखाना सगळं हाताशी. टुऑलमीत जे विसरलं ते विसरलं असं धरूनच सामान भरा. तिथल्या सोयी दर हंगामाला कमी-जास्त होतात, त्यांच्या भरवशावर दूध-ब्रेडही ठेवू नका. ज्यांना दिवसातून दोनदा आंघोळ आणि संध्याकाळी गरम जेवण विकत हवं त्यांनी व्हॅलीतच राहावं आणि टायोगा रोडवर एका दिवसाची फेरी मारावी. पण तिथली गर्दी नको असेल आणि वर सांगितलेली तयारी करायची इच्छा असेल, तर आमचं उत्तर दर वेळी टुऑलमीच असेल.

निघायच्या दिवशी साइट दुपारी १२ च्या आत सोडायची असते. तंबू दवाने ओला असतो, नऊपर्यंत उन्हात उलटा पसरून वाळवला नाही तर घरी पोचेपर्यंत त्याला कुबट वास येतो. शेकोटीवर पाणी ओता, काडीने ढवळा, पुन्हा ओता, आणि राखेवर तळहात धरून ऊब जाणवत नाही ना ते पाहा. लॉकरच्या मागच्या कोपऱ्यात हात घालून बघा, मसाल्याची एखादी पुडी तिथे हमखास राहते. शाम्पूच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या वर येताना फुगलेल्या असतात, झाकण सावकाश उघडा. आणि पूर्वेला ली व्हायनिंगकडे उतरणार असाल तर टायोगा पास ओलांडल्याबरोबर गाडी खालच्या गिअरमध्ये घ्या. १२ मैलांत तीन हजार फुटांहून जास्त उतार आहे, आणि सामानाने भरलेल्या गाडीचे ब्रेक सतत दाबून ठेवले तर अर्ध्या वाटेतच जळका वास यायला लागतो.